खालच्या तारा

पिकचं टोक तारेवरून निसटलं आणि तार थरथरली, हे त्याला दिसलं. नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, एका कडेनं झिजून पांढुरका झालेला — तार सोडताना तो जो बारीक टिचका आवाज करायचा, वाळकी काडी मोडल्यासारखा, तो आला नाही. सूर आला. सूर गेलेला नव्हता. पण ओल्या पंच्यात गुंडाळून पलीकडच्या खोलीतून आणल्यासारखा, बोथट, कडा नसलेला... दत्तप्रसादनं पुन्हा तीच तार छेडली. मग वाकून कान गिटारच्या लाकडाला टेकवला. लाकडातून हाडात आणि हाडातून डोक्यात शिरलेला सूर जरा स्वच्छ वाटला, म्हणून तो तसाच वाकून राहिला, सोफ्याच्या कडेवर, बाहेर जायचे कपडे घालून — आणि मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात सेजल उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"हां," तो म्हणाला.

‘हां’ बहुतेक ठिकाणी चालतं, हे तो शिकला होता. सेजलनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आत गेली आणि त्याचा फोन घेऊन परत आली. फोन वाजत होता. म्हणजे वाजत असणार, कारण पडदा उजळला होता आणि त्यावर प्रज्योतचं नाव होतं. प्रज्योत गाडी घेऊन खाली रस्त्यावर येऊन थांबला होता.

आज ही गिटार जाणार होती आणि तिच्या बदल्यात बेस येणार होता, जाड तारांचा, खालच्या सुरांचा. कारण साधं होतं, सगळ्या डिचोलीला सांगता येईल असं. त्यांच्या बँडमध्ये बेस वाजवणारा गणेश बोटीवर नोकरीला लागला होता. कीबोर्ड वाजवणारा आणि सगळा बँड सांभाळणारा प्रज्योत एका संध्याकाळी घरी आला, चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाला, "दत्ता, लीड गिटार वाजवपाक नवी पोरां गावतत. बेसवालो गावणा ना. तू धरशीत?" तेव्हा दत्तप्रसादनं कपाळाला आठी घातली होती. विचार करून सांगतो म्हणाला होता. आणि आतल्या आत, कोंडलेल्या माणसाला मागचं दार उघडं सापडावं, तसं त्याला झालं होतं.

कारण डॉक्टरनं सांगितलं होतं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हापशाच्या त्या बंद, गार खोलीत कानांवर जाड हेडफोन चढवून त्याला बसवलं होतं, आवाज आला की बटण दाब म्हणाले होते, आणि तो बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला होता. काचेपलीकडची मुलगी त्याच्याकडे पाहत होती, तो तिच्याकडे... वरचे आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाले. ते परत यायचे नाहीत. यंत्र लावा, बोलणं कळायला मदत होईल. खालचे आवाज मात्र चांगले आहेत, बरीच वर्षं टिकतील. खाणीवर होता का तुम्ही?

होतो. खनिज चाळण्याच्या प्लांटवर, फिटर म्हणून, खाणी बंद पडेपर्यंत. कानात घालायचे रबरी बोळे दिलेले असायचे, ते आम्ही दोरीनं गळ्यात अडकवून फिरायचो — कानात घातले तर पलीकडचा काय ओरडतोय ते कळायचं नाही, आणि तिथं न कळणं म्हणजे हात जाणं. हात वाचवायला कान उघडे ठेवले. त्याच हातांनी संध्याकाळी गिटार वाजवायची होती. ही गिटार तिथल्याच पगारातून घेतलेली.

मी बहिरा नाही. मला ट्रक ऐकू येतात, घराच्या आधी त्यांची धडधड येते. पंखा ऐकू येतो, देवळातला ढोल येतो, फेरीबोटीचं इंजिन येतं. कुकरची शिटी येत नाही. डास येत नाही. सेजलच्या बांगड्या येत नाहीत. बोलण्यातले स आणि श येत नाहीत, ते मी ओठांवरून भरून काढतो. माझ्या बायकोच्या नावाचं पहिलंच अक्षर मला भरून काढावं लागतं. आणि हर्षा, माझी मुलगी, शाळेतून आल्यावर काहीतरी सांगते, मी ‘काय?’ म्हणतो, पुन्हा ‘काय?’ म्हणतो, तेव्हा ती म्हणते, "काय ना बाबा. आसूं दी." हे मात्र दर वेळी ऐकू येतं.

गिटार पिशवीत घालून त्यानं चेन ओढली.

गाडी अस्नोड्याच्या बाजूनं निघाली. प्रज्योत बोलत होता आणि इंजिन त्याच्या बोलण्यावर पसरत होतं, भातावर आमटी पसरावी तसं. दत्तप्रसाद त्याच्या तोंडाकडे बघण्यासाठी तिरपा बसला. "एकच बेस व्हयो," प्रज्योत सांगत होता, "सगळीकडे चालपासारखो. जत्रेच्या नाटकाक मऊ व्हयो, मांद्र्याच्या हॉटेलातल्या लग्नाक कडक व्हयो. दोन दोन बेस घेऊन कोण फिरतलो?"

"हां."

"आणि जड नको. तुझी पाठ..."

पाठीचं पुढे काय ते इंजिनात बुडालं. एप्रिल संपत आला होता. रस्त्याच्या कडेला काजूंखाली बोंडू पडून सडले होते आणि त्यांचा आंबूस, गोड दर्प खिडकीतून आत येत होता. नाक शाबूत आहे, त्याच्या मनात आलं. डोळे शाबूत, नाक शाबूत, हात शाबूत. घरातून एकच वस्तू चोरीला जावी आणि कुलूप तसंच असावं... चोर घरात शिरला हेसुद्धा दुसऱ्यांना कळू नये याची काळजी आपणच घ्यावी. त्याला ते जमलं होतं, असं त्याला वाटत होतं. स्टेजवर तो वर्षभर हातांच्या सवयीवर वाजवत आला होता. सूर बोथट वाटला की अँप्लिफायरवरचा, आवाजाला धार देणारा नॉब थोडा पुढे, मग आणखी थोडा पुढे. बोटांना सगळं पाठ होतं. नार्व्यातल्या नाटकात तिसऱ्या अंकाआधी पडदा बंद असताना त्यानं एकट्यानं जे वाजवलं होतं, पेटीवाल्या गुरुजींकडून लहानपणी उचललेली ती भैरवी — लोक गप्प बसले होते आणि मग टाळ्या पडल्या होत्या. त्या रात्री घरी येताना त्याला पटलं होतं की हाताला कानाची गरज नसते. ते पटणं त्यानं आजवर जपून ठेवलं होतं.

बाबलीचं दुकान पार्से गावात, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. किनाऱ्यावरचे परदेशी पाहुणे मोसम संपला की परत जाताना वाद्यं विकून जातात, ती बाबली घेतो, साफ करतो, विकतो किंवा बदलून देतो. जाडजूड, हसरा माणूस. पाच बेस त्यानं भिंतीला लावून ठेवले होते, आणि दत्तप्रसादची गिटार न उघडता आधी बाकावर आडवी ठेवली. "आदीं घेवंक येवचें, मागीर दिवंक," तो म्हणाला, म्हणजे घ्यायचं ते आधी, द्यायचं नंतर, आणि स्वतःच हसला.

दोन बेस त्यानं स्वतःच बाजूला सारले, नवशिक्यांचे म्हणून. उरलेल्या तिन्हींतला पहिला जुना होता, चार तारांचा, तारांखाली आवाज उचलणारा एकच पिकअप. दत्तप्रसादनं मांडीवर घेतला, अँपला जोडला आणि जाड तार अंगठ्यानं खाली दाबून सोडली. आवाज गोल निघाला, भरलेल्या माठावर थाप पडल्यासारखा. नाटकाला हा चालेल; पण त्यात दुसरं काही नव्हतं, नॉब कितीही फिरवला तरी तोच एक आवाज, एकाच वयाचा. प्रज्योतनं नकारार्थी मान हलवली. दुसरा पाच तारांचा, काळा. "एका रशियनान जाताना दिलो," बाबली म्हणाला. त्याची पाचवी तार दत्तप्रसादनं छेडली आणि खुर्चीचा पाय फरशीवर कुरकुरला, मांड्यांत काहीतरी सरकलं, बरगड्यांच्या खाली जाऊन बसलं. त्याला तो हवासा वाटला. इतक्या खाली कुणाचेच कान नीट पोचत नसतील, तिथे सगळे माझ्यासारखेच असतील... पण प्रज्योत म्हणाला, हॉटेलातल्या बारक्या स्पीकरातून ही तार बाहेरच येणार नाही, नुसती फरफर होईल. आणि वजनही खूप होतं.

तिसरा लालसर तपकिरी, हातात घेतल्या घेतल्या बसला. दोन पिकअप, दोन जातींचे: मानेकडचा रुंद, आणि खाली तारा अडकवतात त्या पुलाकडचा अरुंद. एकीकडे फिरवलं की आवाज मऊ आणि गोल, दुसरीकडे फिरवलं की घट्ट, एकेक सूर सुटा. मध्ये ठेवलं की दोन्ही. एक लहानसा खटका होता, तो वर केला की मागची बॅटरी चालू होऊन आवाजाला जोर यायचा, खाली केला की जुन्या पद्धतीचा साधा. दत्तप्रसादनं आधी नाटकातल्या पदाचा ठेका धरला, मग हॉटेलात लागतं ते नाचाचं, मग उगाच सावकाश भैरवीचे खालचे सूर. प्रत्येक सूर त्याला पूर्ण ऐकू आला. सुरुवात, पोट, शेवट. किती दिवसांनी — तो डोळे मिटून वाजवत राहिला, आणि आपल्या तोंडावर हसू आलंय हे त्याला ओठ ताणल्यावर कळलं. हे दोघं बघतायत, हसू दे. घेऊ या हाच. माझं उरलेलं आयुष्य या चार तारांवर निघेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

"थांब," बाबली म्हणाला, "एक गजाल सांगतंय. मागीर म्हणशीत फसयलो." त्यानं खटका वर केला आणि एक नॉब शेवटापर्यंत फिरवला. मग हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

दत्तप्रसाद वाट पाहत होता. बाबली आता काहीतरी वाजवून दाखवेल, मग दोष काय तो कळेल. बाबली काही करत नव्हता. प्रज्योतनं डोळे बारीक केले होते. खोलीत शांतता होती, बाहेर अंगणात एक कोंबडी चोच उघडत मिटत होती. सगळे थांबलेत म्हणजे माझ्यासाठीच थांबलेत, असं त्याला वाटलं.

"साफ आसा," तो म्हणाला. "माका हो चलता."

बाबलीनं प्रज्योतकडे पाहिलं. प्रज्योत पुढे झाला आणि त्यानं अँपचं बटण बंद केलं, आणि त्याच क्षणी दोघांचे चेहरे सैल पडले, घरातला मिक्सर थांबल्यावर माणसांचे पडतात तसे. ते त्यानं पाहिलं.

"आवाज येय होतो?" त्यानं विचारलं.

"येय होतो," प्रज्योत म्हणाला.

"मोठो?"

प्रज्योतनं होकारार्थी मान हलवली. बाबली म्हणाला, नॉब खाली ठेवलात तर ती बारीक शिटी येत नाही, आणि पाणी आणतो असं पुटपुटत आत गेला.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. सर्दी झालीय. कान भरलाय. गाडीत खिडकीचा वारा लागला... तीन-चार वाक्यं त्याच्याकडे तयार असायची, घराच्या दाराशी ठेवलेल्या चपलांसारखी, आणि नेमकी आता एकही सापडेना. प्रज्योत समोरच्या स्टुलावर बसला. नीट समोर, उजेडाकडे तोंड करून.

"दत्ता, आमका माहीत आसा."

"काय?"

"तुका वयलो आवाज येणा ना, ता. दिवाळीच्या आदींपासून माहीत आसा."

दत्तप्रसादच्या मांडीवर बेस होता, त्याचा पट्टा त्यानं मुठीत धरला.

"तुझी गिटार खूप तीख येय होती," प्रज्योत सावकाश बोलत होता, प्रत्येक शब्द सुटा करून. "लोकांचे कान दुखाक लागले. एका लग्नात नवऱ्याच्या बापसान येऊन सांगलान. मागीर अनंतान तुझो आवाज खाली घेतलो."

अनंत त्यांचा साऊंडवाला. प्रेक्षकांच्या मागे टेबल लावून बसायचा, कार्यक्रम संपला की अंगठा वर करायचा.

"किती खाली?"

प्रज्योत बाहेर बघू लागला.

"प्रज्योत. किती खाली?"

"पुराय. बंदच." मग घाईघाईनं, "तुझ्या पुढच्या स्पीकरात चालू आसायचो. तुका आयकाक."

"आणि लोकांका?"

"लोकांका मी देय होतंय. कीबोर्डार गिटारचो आवाज लावून."

"नार्व्याकय?"

प्रज्योतनं मान खाली घातली. पडद्याआड दत्तप्रसाद वाजवत होता, एकटा, डोळे मिटून, आणि दोन हातांच्या अंतरावर प्रज्योत कीबोर्डवर वाकून तीच भैरवी... टाळ्या पडल्या होत्या. त्या प्रज्योतला पडल्या होत्या, आणि प्रज्योतनं त्या घेतल्या नव्हत्या, उलट उठून येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली होती. मी इतके महिने लोकांसमोर तारा हलवत बसलो होतो. शाळेच्या गॅदरिंगला पुठ्ठ्याची गिटार घेऊन उभं राहतात तसा. आणि मला वाटत होतं मी लपवतोय — मी, लपवतोय...

"माका सांगूंक नाय कित्याक?" आवाज चढला की नाही हे त्याला कळलं नाही. प्रज्योतचे डोळे मिचकले, म्हणजे चढला असावा.

"सांगतलंय होतंय. सेजलवयनी नको म्हणाली."

"सेजल?"

"तिणाच फोन केलो माका. म्हणाली, ट्रक इलो तर वळान बघतत, कुकर वाजलो तर बघणत नाय. खालचां आयकाक येता तेंका. म्हणाली, तू बेस वाजवपाक दी. पण माझां नाव घेव नको." प्रज्योतनं हात गुडघ्यांवर पुसले. "गणेश गेलो तो खरोच गेलो. तेवढां खरां."

बाबली पाण्याचे पेले घेऊन आला. त्याला काही कळलं होतं की नाही कोण जाणे. त्यानं गिटारची पिशवी उघडली, गिटार उलटीपालटी केली, पूल खाऱ्या हवेनं गंजलाय म्हणाला, आणि तपासायला म्हणून अँपला जोडून वाजवू लागला. दत्तप्रसादला त्याच्या बोटांखालून येणारं ते नेहमीचं, पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी ऐकू येत होतं. म्हणून तो प्रज्योतच्या चेहऱ्याकडे बघत बसला. आधी तो चेहरा आक्रसला. बाबलीनं नॉब मागे घेतला. चेहरा हळूहळू मोकळा झाला, आणि मग त्याच्यावर काहीतरी आलं, गाणं चांगलं लागल्यावर येतं ते, जे प्रज्योतला लपवायचं होतं आणि लपवता आलं नाही. अशा रीतीनं त्याला कळलं की त्याची गिटार अजून सुरेख वाजते.

"नको आसल्यार सोड," प्रज्योत म्हणाला. "आज घेवंकच व्हयो असां नाय."

"घेऊया."

"राग धरू नको."

"हो तरी उघडो ठेवशात?"

"काय?"

"हो बेस. अनंताक सांग, हो तरी लोकांका आयकाक दी."

"देवाची शपथ," प्रज्योत म्हणाला. ‘शपथ’मधला श दत्तप्रसादनं त्याच्या ओठांवरून घेतला. बाकीचं ऐकू आलं होतं. पण ऐकू येण्याचा आता काय उपयोग होता? टेबल प्रेक्षकांच्या मागे असतं. तिथे अनंतचं बोट कुठल्या बटणावर आहे हे स्टेजवरून कधीच दिसत नाही. पुढच्या जत्रेत, पुढच्या लग्नात, त्याच्या पायाशी स्पीकर घुमेल, छातीत सूर भरेल, माणसं माना डोलावतील, आणि तो विचारत राहील... कुणाला विचारणार? ज्यांना विचारायचं तेच तर सगळे दयाळू होते.

परतीच्या वाटेवर प्रज्योत बोलला नाही. किंवा बोलला असेल. दत्तप्रसाद खिडकीकडे तोंड करून बसला होता. शिवोलीच्या पुलाखाली पाणी उन्हात पांढरं पडलं होतं. सेजलला माहीत होतं. म्हणजे तिनं कुकर वाजताना त्याच्याकडे पाहिलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा, कपाटाआडून, ओट्याशी उभं राहून, तो वळतो का ते... आणि मग त्याला ते दुसरं आठवलं, आणि तो हललाच नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर सेजल बदलली होती. त्याआधीची काही वर्षं त्यांच्यात विशेष काही उरलं नव्हतं. खाणी बंद झाल्यावर घरात जे कडू बोलणं सुरू झालं होतं ते कधी थांबलं कळलं नाही, आणि ते थांबल्यावर त्याच्या जागी काहीच आलं नाही. मग एकाएकी ती बोलायच्या आधी जवळ येऊ लागली. समोर येऊन उभी राहायची. खांद्यावर हात ठेवायची, तो वळेपर्यंत थांबायची आणि मग त्याच्या डोळ्यांत बघून साधंच काहीतरी बोलायची, दूध आणा, हर्षाची फी. खांद्यावर तिची बोटं क्षणभर जास्त रेंगाळायची. या वयात, इतक्या वर्षांनी — तो ते कुणाला बोलला नसता, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो त्या हाताचा विचार करायचा. त्याला वाटायचं, ऐकू येण्यातलं जे गेलं त्याच्या बदल्यात हे आलं. त्यानं स्वतःही दोनदा तिच्या हातावर हात ठेवला होता. तिनं काढून घेतला नव्हता.

तो हात शिटीच्या जागी होता. हाकेच्या जागी. हे खरं असेल, तर माझं उरलेलं सुख तिनं माझ्या बहिरेपणाला दिलेलं होतं, मला नव्हे... की मलाच? हाक मारून मारून कंटाळलेली बाई निघून जाते, दार आपटते, हर्षासारखं ‘आसूं दी’ म्हणते. ही चालत येत होती. स्वयंपाकघरातून, अंगणातून, प्रत्येक वेळी, एका वाक्यासाठी. याला काय म्हणायचं? त्याला शब्द सापडेना, आणि सापडला असता तरी तो ऐकू आला असता का, असं काहीतरी विचित्र त्याच्या मनात येऊन गेलं.

घराशी उतरला तेव्हा ऊन कलंडलं होतं. हर्षा क्लासला गेली होती. तो आत गेला नाही. बाहेरच्या सोप्यावर, ओसरीच्या बाकावर, घराच्या दाराकडे पाठ करून बसला, नवा बेस पिशवीतच, मांडीवर आडवा. समोरच्या रस्त्यानं एक टिपर गेला आणि त्याची धडधड बाकातून त्याच्या पाठीत चढली. ती विरली, आणि मग त्याला दुसरी कळली, बारीक, फरशीतून पावलांच्या तळव्यांना — कुणीतरी आतून येत होतं.

सेजल दारात आली असणार. तिनं कदाचित हाक मारली असेल. कदाचित प्रज्योतनं तिला फोनवर सगळं सांगितलं असेल, आणि आता काय बोलायचं ते ठरवत ती उभी असेल. वळलो तर कळेल. तो वळला नाही. त्याचा उजवा खांदा नकळत थोडा खाली, थोडा मागे झाला होता, आणि हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले. हात येऊ नये, असं त्याला वाटलं. तिनं तिथूनच ओरडावं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, आणि मला ऐकू येऊ नये... पावलं फरशीवर पुढे आली, त्याच्या पाठीमागे थांबली. तो समोरच्या रस्त्याकडे बघत, श्वास धरून, तसाच बसून राहिला.